वृत्तलेखाला पाचपैकी पाच

जानेवारीतल्या एका रविवारी मामाने व्हॉट्सॲपवर वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘वाच आणि कसं वाटतं सांग. ॲडव्हान्स भरलाय.’

‘बारावीनंतर काय?’ छापाच्या पुरवणीतलं पान होतं. पुण्यातल्या एका खासगी मीडिया इन्स्टिट्यूटवर अर्धं पान मजकूर. सुरुवातीला लहान गावातून आलेल्या आणि आता चॅनेलवर दिसणाऱ्या एका मुलीची गोष्ट. मग संस्थाचालकांची दोन-तीन वाक्यं, स्टुडिओचं वर्णन, आणि शेवटी स्वप्नं आणि कॅमेरा यांची मोट बांधणारं एक वाक्य. मी फोटो झूम करत गेले. उजव्या कोपऱ्यात, तारखेच्या ओळीपेक्षाही बारीक टायपात एक शब्द होता : ॲडव्हर्टोरियल.

मामाची मुलगी यंदा बारावी आर्ट्सला. तिला पत्रकार व्हायचंय. मामाने सीट धरून ठेवायला २५,००० रुपये भरले होते. पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे त्या अर्ध्या पानात कुठेच नव्हतं. फोन करून विचारल्यावर कळलं की पदवी नाहीच, संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र मिळतं. ॲडव्हान्स परत मिळणार नाही, हे मात्र पावतीच्या मागे स्पष्ट छापलेलं होतं.

मी बहिणीला विचारलं, ‘तू वाचलं होतंस का ते?’

‘वाचलं की ताई. चांगला वृत्तलेख होता. सगळे मुद्दे होते त्यात.’

ती चेष्टा करत नव्हती. त्याच आठवड्यात तिच्या कॉलेजात वृत्तलेखाची उजळणी चालली होती. मला राग आला तो आधी तिचा, मग मामाचा, मग स्वतःचा (त्याचं कारण पुढे येईल). पण एवढ्यावर न थांबता मी तिचं पुस्तक मागवून घेतलं. हा लेख त्या पुस्तकाबद्दल आहे.

राज्य मंडळाची अकरावीची ‘युवकभारती’ २०१९ पासून आणि बारावीची २०२० पासून बदलली. त्यात चौथा विभाग आहे ‘उपयोजित मराठी’. अकरावीला सूत्रसंचालन, मुद्रितशोधन, अनुवाद, अनुदिनी म्हणजे ब्लॉगलेखन आणि रेडिओजॉकी. बारावीला मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख. बारावीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत या विभागाला १४ गुण. आपल्याकडे माध्यमांचा अभ्यास हा शाळा-कॉलेजच्या शेवटच्या वर्षांचा स्वतंत्र विषय नाही, असं आपण म्हणतो. पण महाराष्ट्रात मराठी घेऊन बारावी होणारा प्रत्येक जण या दाराने माध्यमांत पाय ठेवतोच. जे जास्त मार्कांसाठी मराठीच्या जागी आयटी घेतात, त्यांचं हे दारही बंद. तो वेगळाच विषय आहे.

आधी कौतुक, कारण ते मनापासून आहे. मराठी म्हणजे धडे, कविता आणि रसग्रहण एवढंच, या समजुतीला या विभागाने धक्का दिला. रेडिओजॉकी हा शब्द मराठीच्या पुस्तकात प्रकरणाचं शीर्षक म्हणून आला, हे मला आजही छान वाटतं. मुद्रितशोधन शिकवणं तर फारच शहाणपणाचं. एक खूण चुकली तर काय होतं हे ज्याने प्रूफं वाचली आहेत त्यालाच कळतं. भाषेवर पोट भरता येतं, हे सतरा वर्षांच्या मुलाला पुस्तकातून सांगणं ही लहान गोष्ट नाही.

पण ही नऊ प्रकरणं एकापाठोपाठ एक वाचली की लक्षात येतं, त्यातलं प्रत्येक प्रकरण विद्यार्थ्याला टेबलाच्या एकाच बाजूला बसवतं. मुलाखत कशी घ्यावी, माहितीपत्रक कसं आकर्षक करावं, वृत्तलेखाला सुरुवात कशी द्यावी. म्हणजे तू बनवणारा आहेस. वाचणारा, पाहणारा, ज्याच्या खिशातून पैसे जाणार आहेत तो माणूस या विभागात नाही. असलाच तर ‘वाचकाचं लक्ष वेधून घ्यावं’ अशा वाक्यातलं कर्म म्हणून आहे.

माहितीपत्रकाचंच घ्या. त्याची रचना करताना माहितीला प्राधान्य, उपयुक्तता, वेगळेपण, मांडणी आणि भाषाशैली यांचा विचार करायचा, हे मुलं तोंडपाठ सांगतात. प्रत्येक मुद्दा बरोबर आहे. पण जगातलं कुठलंही माहितीपत्रक काहीतरी सांगतं आणि काहीतरी गाळतं, आणि वाचणाऱ्याने आधी गाळलेलं शोधायचं असतं. मामाने ते शोधलं नाही. त्याच्या मुलीने पाच मुद्दे शोधले आणि ते सापडले.

मुलाखतीतही तोच कल. पूर्वतयारी, प्रश्नांचा क्रम, समोरच्याला बोलतं करणं, शेवट छान करणं. या चाकोरीतली मुलाखत म्हणजे मोठ्या माणसाचा सत्कार, फक्त शालीऐवजी प्रश्न. समोरचा उत्तर टाळतो तेव्हा काय करायचं? तोच प्रश्न पुन्हा कसा विचारायचा? आमच्या वर्गात सराव म्हणून लिहिलेल्या मुलाखतींत एकाही पाहुण्याने कधी प्रश्न टाळला नव्हता. लिहिणारे आम्हीच होतो म्हणा.

आता माझं कारण. मी दोन वर्षं एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत काम केलं. त्या काळात असे मजकूर मी लिहिले आहेत, मोजले नाहीत. जाहिरात विभागाकडून एक ईमेल यायची : शब्द ४००, फोटो दोन, संचालकांचं नाव पहिल्या तीन परिच्छेदांत. बाकी माझ्यावर. मी संस्थेत जायचे, एखादी चुणचुणीत विद्यार्थिनी गाठायचे आणि तिच्यापासून सुरुवात करायचे, कारण माणसापासून सुरुवात केली की वाचक थांबतो. लिहून झालं की मजकूर ‘क्लायंट’कडे मंजुरीला. तिकडून एखादं विशेषण वाढून यायचं. कमी होऊन कधीच आलं नाही. यातलं खोटं असं काही नसायचं. ती मुलगी खरी असायची, स्टुडिओ खरा असायचा. मी विचारायची ती गोष्ट मी विचारायची नाही, एवढंच. माझा एकही मजकूर बारावीच्या निकषांवर नापास झाला नसता. पाचपैकी पाच मिळाले असते, हस्ताक्षर बरं असतं तर.

म्हणून ‘वृत्तलेख’ हे प्रकरण मी जरा जास्तच बारकाईने वाचलं. बातमीवर आधारित, व्यक्तिचित्रणात्मक, मुलाखतीवर आधारित, स्थळांविषयीचा असे वृत्तलेखाचे प्रकार मुलं शिकतात. या यादीत पैसे देऊन लिहून घेतलेला हा प्रकार नाही. आणि तो काही कोपऱ्यातला, क्वचित आढळणारा प्रकार नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एका बड्या नेत्याची स्तुती करणारा एकच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी वर्तमानपत्रांत जसाच्या तसा छापून आला होता. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये हे प्रकरण लावून धरलं. ‘पेड न्यूज’ हा शब्द देशभर गेला त्यात मराठी वर्तमानपत्रांचा असा वाटा आहे. प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली. परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी २०१० मध्ये नावानिशी अहवाल दिला, आणि कौन्सिलने तो पूर्ण न छापता त्याचा आटोपशीर गोषवारा छापायचं ठरवलं. पूर्ण अहवाल बाहेर यायला २०११ उजाडलं, तेही माहिती आयोगाच्या आदेशानंतर. मराठी वृत्तलेखाच्या इतिहासातलं हे इतकं रसरशीत प्रकरण, आणि मराठीच्या पुस्तकात त्याला जागा नाही. मराठी मुलाला हे कळायला इंग्रजी वर्तमानपत्राचे जुने अंक शोधावे लागतात.

इथे कोणी म्हणेल, बारावीच्या भाषेच्या पुस्तकाकडून हे मागणं जास्त आहे. टीका करायला शिकवणं हे त्याचं काम नाही. मीही हे स्वतःला सांगून पाहिलं. अडचण अशी की हे काम आपल्याच मंडळाच्या दुसऱ्या पुस्तकाने अंगावर घेतलेलं आहे, दोन वर्षं आधी.

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात (२०१८) ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ असं आख्खं प्रकरण आहे. ६ जानेवारी १८३२ चं ‘दर्पण’, बाळशास्त्री जांभेकर, भाऊ महाजनांचं ‘प्रभाकर’, १८७७ चं कृष्णराव भालेकरांचं ‘दीनबंधु’, १८८१ चे ‘केसरी’ आणि ‘मराठा’. मग रेडिओ, दूरदर्शन. आणि त्यानंतर, जवळजवळ कोणाच्या लक्षात येऊ नये अशा जागी, प्रसारमाध्यमांतून मिळणाऱ्या माहितीचं चिकित्सक आकलन करून घ्यायला हवं असं सांगणारा मजकूर. चिकित्सक आकलन! हा शब्द वाचून मी खरोखर खुर्चीत सरळ बसले. सोबत उदाहरण आहे जर्मनीच्या ‘स्टर्न’ साप्ताहिकाचं. हिटलरच्या म्हणून त्यांनी डायऱ्या विकत घेतल्या आणि त्या बनावट निघाल्या.

उदाहरण उत्तम आहे, पण पुस्तक त्याच्या दारातूनच परत फिरतं. १९८३ च्या एप्रिलमध्ये ‘स्टर्न’ने गाजावाजा करून या डायऱ्या जाहीर केल्या आणि दोन आठवड्यांत त्या खोट्या ठरल्या. कोनराड कुयाऊ नावाच्या माणसाने त्या लिहिल्या होत्या. कागदात युद्धानंतरच वापरात आलेली रसायनं सापडली. हे झालं रहस्यकथेपुरतं. खरी मेख वेगळी आहे. जाहीर करण्याआधी ‘स्टर्न’ने हस्ताक्षर तपासून घेतलं होतं आणि तज्ज्ञांनी ते हिटलरचंच असल्याचं सांगितलं होतं. कारण तुलनेसाठी दिलेल्या नमुन्यांतले काही नमुने कुयाऊनेच बनवलेले होते! म्हणजे पडताळणी झाली होती, पण खोट्याची तुलना खोट्याशी. आणि लाखो मार्क मोजून मिळालेली बातमी दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून ‘स्टर्न’ने तपासणीचं वर्तुळ लहान ठेवलं होतं. एकच फॉरवर्ड पाच ग्रुपवर आला की आपल्याला तो पाच जणांनी सांगितलेला वाटतो, त्याचा हा जुना, महागडा अवतार. पंधरा वर्षांच्या मुलाला हे सांगितलं तर तो विसरणार नाही.

पण होतं काय? ‘प्रसारमाध्यमांतून मिळणाऱ्या कोणत्याही माहितीचे चिकित्सक आकलन करून घ्यावे लागते’ हे विधान ‘सकारण स्पष्ट करा’मध्ये येतं. त्याचं उत्तर गाइडमध्ये तयार असतं, तीन-चार मुद्द्यांचं. क्लासमध्ये ते उतरवून घेतलं जातं, पाठ होतं आणि परीक्षेत जसंच्या तसं बाहेर येतं. कोणतीही छापील माहिती तपासल्याशिवाय स्वीकारू नये, ही छापील माहिती लाखो मुलं दरवर्षी न तपासता स्वीकारतात. यात मुलांना हसण्यासारखं काही नाही. परीक्षा जे विचारते ते मुलं देतात.

‘दीनबंधु’चंही तेच. तो कोणी सुरू केला, यावर एक गुण. आधीची वर्तमानपत्रं चालू असताना भालेकरांना वेगळं पत्र का काढावं लागलं, कोणाची बातमी छापलीच जात नव्हती, या प्रश्नावर एक तास सहज रंगेल. पुस्तकात त्याचा धागा आहे. परीक्षेत नाही, म्हणून वर्गात नाही.

मग स्वतंत्र विषय आणला तर? सीबीएसईत अकरावी-बारावीला ‘मास मीडिया स्टडीज’ घेता येतो, पण तो कौशल्य विषयांच्या यादीत बसवलेला आहे, आणि ती जागाच पुष्कळ काही सांगते. एनसीईआरटीचं हिंदीचं ‘अभिव्यक्ति और माध्यम’ हे पुस्तक मला आपल्या उपयोजित विभागापेक्षा धीट वाटतं. त्यात पीत पत्रकारिता आहे, वॉचडॉग पत्रकारिता आहे. परीक्षेत त्यांच्या व्याख्या येतात.

इंग्लंडमध्ये मीडिया स्टडीज हा ए-लेव्हलचा पूर्ण विषय आहे. माध्यमाची भाषा, प्रतिनिधित्व, उद्योग आणि प्रेक्षक अशा चार बाजूंनी वर्तमानपत्राचं पहिलं पान, जाहिरात, मालिका उलगडायची. शिवाय ३० टक्के गुण स्वतः काहीतरी बनवण्याला. तिथे या विषयाला ‘मिकी माऊस’ म्हणून हिणवण्याची जुनी खोड आहे. त्यावर उतारा म्हणून की काय, २०१७ पासूनच्या अभ्यासक्रमात विचारवंतांची लांबलचक यादी घातली गेली. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की एकच मजकूर प्रेक्षक तीन तऱ्हांनी वाचू शकतो : सांगणाऱ्याच्या मनासारखा, थोडा वाकवून, किंवा पूर्ण उलटा. हे हत्यार आहे. परीक्षेच्या तयारीत त्याचं फ्लॅशकार्ड होतं. घोकंपट्टी ही फक्त आपली मिरासदारी नाही, हे पाहून मला क्षुद्र असा आनंद झाला, हे कबूल करते.

पण त्यांच्याकडची एक गोष्ट मी उचलून आणेन. तिथल्या प्रश्नपत्रिकेत आधी न पाहिलेली एखादी जाहिरात किंवा मुखपृष्ठ छापलेलं असतं आणि ते वाचून दाखवायचं असतं. याला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे, ‘अपठित’. अपठित उतारे सोडवत आपण मोठे झालो. तो उतारा कायम एखाद्या सद्गुणावरचा, वृक्षावरचा किंवा वाचनाच्या महत्त्वावरचा का असतो? त्या जागी पुरवणीतलं एक पान छापा. विचारा : यात कोण बोलतंय? कोणाला बोलू दिलेलं नाही? कोणता आकडा हवा होता? पैसे कोणी दिले असतील आणि ते पानावर कुठे लिहिलंय? याचं गाइड निघू शकत नाही, कारण पान दरवर्षी नवं असेल.

आणि हे सतरा वर्षांच्या मुलाला झेपण्यासारखं आहे का, ही शंका तर नकोच. एनसीईआरटीच्या नागरिकशास्त्राच्या जुन्या पुस्तकात सातवीच्या मुलांसमोर दोन काल्पनिक वर्तमानपत्रांतल्या बातम्या शेजारी ठेवल्या होत्या. घटना एकच, प्रदूषण करणारे कारखाने बंद करण्याच्या निर्णयाविरुद्धचं आंदोलन. एका बातमीत शहराची वाहतूक कशी ठप्प झाली ते आधी येतं, दुसरीत पोटावर पाय आलेले मालक आणि कामगार. बारा वर्षांची मुलं हा फरक ओळखतात. आपण बारावीच्या मुलांना विचारतच नाही.

माझी बहीण इन्स्टाग्रामवर एखादी रील सुरू झाली की दोन सेकंदांत सांगते, ‘पैसे घेतलेत हिने.’ ‘पेड पार्टनरशिप’चं लेबल तिला दिसतं, आणि लेबल नसेल तर आवाजाच्या पट्टीवरून ती ओळखते. ही नजर तिची तिने कमावली. वर्तमानपत्राच्या पानासमोर मात्र ती मिटली, कारण ते पान तिच्या वडिलांनी विश्वासाने घडी घालून आणलं होतं आणि त्याला वृत्तलेख म्हणतात हे तिला कॉलेजने शिकवलं होतं. तिला जे येत होतं त्याचा कॉलेजला काही उपयोग नव्हता, आणि कॉलेजने शिकवलं त्याचा मामाला झाला नाही.

सराव परीक्षेत तिला एखाद्या संस्थेच्या संचालकांच्या मुलाखतीसाठी प्रश्न तयार करायचे होते. तिने उत्तरपत्रिकेचा फोटो मला पाठवला. प्रश्न असे होते : तुमच्या प्रमाणपत्राला कोणत्या विद्यापीठाची मान्यता आहे? मागच्या वर्षी किती मुलांना नोकरी लागली, आणि त्यांच्याशी आम्ही बोलू शकतो का? वर्तमानपत्रातला तुमच्यावरचा लेख कोणी लिहिला आणि त्याचे किती पैसे दिले? खाली लाल शाईत शेरा होता, ‘सुरुवात स्वागताने करावी. समारोप नाही.’ पाचपैकी तीन.

तो कागद मामाने खिशात घातला आणि तो पुण्याला गेला. पहिल्या दोन प्रश्नांना काहीबाही उत्तरं मिळाली. तिसऱ्यानंतर त्याला बाहेर बसायला सांगितलं. तो चार वाजेपर्यंत बसला. ॲडव्हान्स अजून परत आलेला नाही.